स्टेअरिंग वळवलं की इंजिन बंद: पॉवर स्टेअरिंगच्या प्रेशर स्विचचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही गाडी चोपडा तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराची. पेट्रोल सेडान, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली, सेकंडहँड घेतलेली. मालकांना गावात सगळे नाना म्हणतात, म्हणून इथेही नानाच म्हणतो. गाव, गाडीची कंपनी आणि गॅरेजं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवतो. गाडी शेवटी ज्या गॅरेजात दुरुस्त झाली, ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. "सर, एकदा बघायला या," असा त्याचा फोन आला, मी गेलो, आणि पुढचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण पॉवर स्टेअरिंगचा हा प्रेशर स्विच आताच्या मुलांच्या हाताखालून जातच नाही. नव्या छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टेअरिंग असतं. त्यात ऑइल नाही, पंप नाही, त्यामुळे हा स्विचही नाही. पण खान्देशात जुनी गाडी सहजासहजी कोणी काढत नाही. हायड्रॉलिक स्टेअरिंगच्या पेट्रोल गाड्या आजही जळगाव, धुळे, नंदुरबारच्या रस्त्यांवर भरपूर दिसतात, आणि त्यांच्यात हा बिघाड आला की पैसे भलत्याच ठिकाणी खर्च होतात. नानांचे झालेच होते.

तक्रार

नानांच्या शब्दांत तक्रार अशी: "स्टेरिंग फिरावं का गाडी बंद पडी जास, भो."

मेकॅनिकला ऐकायला हवं ते सगळं या एका वाक्यात होतं, तरी आम्ही खोदून विचारलं. गाडी हायवेला बंद पडते का? नाही. नुसता एसी लावला तर? नाही. उभ्या गाडीत, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना स्टेअरिंग फुल काटलं, म्हणजे टोकापर्यंत वळवलं तर? तेव्हा पडते, आणि एसी चालू असेल तर हमखास. स्टेअरिंग जड लागतं का? नाही, बोटाने फिरतं. ऑइल टाकावं लागतं का? हो, डब्यात मधूनमधून ड्रायव्हर टाकतो.

शेवटच्या दोन उत्तरांत जवळजवळ सगळं निदान आहे. त्यांच्याकडे पुढे येतो.

पार्किंग करताना इंजिन बंद पडलं तर त्रास होतो, वळणावर पडलं तर तो धोका असतो. इंजिन थांबलं की पंप थांबतो आणि बोटाने फिरणारं स्टेअरिंग एका क्षणात दोन्ही हातांनी ओढावं लागतं. ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम एक-दोन वेळा पेडल दाबेपर्यंत पुरतो, मग पेडलही लाकडासारखं होतं. नानांना थोड्याच दिवसांत चाळीसगावमार्गे कन्नडचा घाट चढून छत्रपती संभाजीनगरला लेकीकडे जायचं होतं. परतीला घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, इंजिन बरेचदा स्लोवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर असतं, आणि वळण आलं की स्टेअरिंग जवळजवळ पूर्ण काटावं लागतं. म्हणजे बिघाडाला जी परिस्थिती लागते, नेमकी तीच.

हा स्विच काय करतो

पॉवर स्टेअरिंगचा पंप इंजिनवरच्या बेल्टने फिरतो. स्टेअरिंग सरळ असताना ऑइल नुसतं फिरून डब्यात परत येतं, दाब फार नसतो. स्टेअरिंग वळवलं की रॅकमधला (चाकं वळवणाऱ्या दांड्यातला) व्हॉल्व्ह ऑइलची वाट एका बाजूला वळवतो आणि दाब चढतो. उभ्या गाडीत चाकं पूर्ण काटली तर तो पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हच्या, म्हणजे जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेच्या मर्यादेपर्यंत जातो. लहान-मध्यम गाड्यांत ही मर्यादा साधारण ७० ते १०० बार असते. टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज यावा.

हा दाब इंजिन फुकट देत नाही. ७० बार दाबाने मिनिटाला ६ लिटर ऑइल ढकलायचं, तर साधारण ७०० वॉट, म्हणजे जवळपास एक हॉर्सपॉवर लागते. पंपाचे स्वतःचे तोटे धरले तर त्याहून जास्त. गाडी पळत असताना हे जाणवतही नाही. पण ७५०-८०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) स्लोवर इंजिन जेमतेम स्वतःपुरती ताकद तयार करत असतं. त्यात हा लोड अचानक पडला की आरपीएम कोसळतो.

म्हणून दाबाच्या लाइनवर हा छोटा स्विच बसवलेला असतो. आत पातळ पडदा किंवा पिस्टन, त्यामागे स्प्रिंग आणि कॉन्टॅक्ट. ऑइलचा दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की कॉन्टॅक्ट जुळतो. हा आकडा गाडीगणिक वेगळा, साधारण १५ ते ४० बारमधला. कॉन्टॅक्ट जुळला की ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला कळतं की स्टेअरिंगचा लोड येतोय. ईसीयू स्लोची हवा सांभाळणारा आयडल व्हॉल्व्ह उघडून थोडी जास्त हवा देतो, त्या मानाने पेट्रोल वाढवतो आणि इंजिन तग धरतं. एसीचंही असंच असतं. कंप्रेसरचा क्लच पकडायच्या आधी ईसीयूला निरोप मिळालेला असतो, म्हणून नुसता एसी लावल्यावर नानांची गाडी बंद पडत नव्हती. एसीचा निरोप पोचत होता, स्टेअरिंगचा नाही.

स्विच मेला म्हणजे ईसीयू अगदी आंधळा होतो असं नाही. आरपीएम पडताना त्याला दिसतो आणि तो सावरायला बघतो, फक्त उशिरा. थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) स्वच्छ, प्लग चांगले, एसी बंद असेल तर बहुतेक वेळा सावरतोही. यातलं काही कमी पडलं की इंजिन बंद. म्हणूनच हा बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि थ्रॉटल साफ केल्यावर "बरं वाटलं" असा भास होतो.

आधी काय झालं होतं

पहिल्या गॅरेजात थ्रॉटल बॉडी साफ झाली, प्लग आणि एअर फिल्टर बदलले. पुढचे काही दिवस गाडी ठीक चालली. तक्रार परत आल्यावर तिथेच थ्रॉटलचा स्टॉप-स्क्रू फिरवून स्लो वाढवून दिला. आमच्याकडे गाडी आली तेव्हा स्लो १,१०० च्या आसपास होता. फर्स्ट गिअरमध्ये क्लच सोडला की गाडी आपोआप पुढे सरकायची, पेट्रोल जास्त जायचं, आणि एसी लावून स्टेअरिंग काटलं की तरीही बंद पडायची. ईसीयू स्वतः स्लो सांभाळतो त्या गाडीत हा स्क्रू फिरवू नये. थ्रॉटल नेमकी बंद कुठे होते, हा ईसीयूचा हिशेब त्यातून बिघडतो, आणि पुढच्या माणसाला खरा दोष शोधणं अवघड होतं.

दुसऱ्या गॅरेजाने पंप बदलायला सांगितलं. कारण एवढंच दिलं, की स्टेअरिंग वळवल्यावर बंद पडते म्हणजे पंप जाम होतोय. नानांनी पंपाची किंमत ऐकली आणि गाडी घेऊन निघून आले. ते बरं झालं.

तपासणी

सगळ्यात आधी ऑइलचा डबा उघडला. पातळी खालच्या खुणेच्याही खाली. ऑइलचा मूळचा लाल रंग जाऊन काळपट तपकिरी झालेला, वास करपट. ड्रायव्हर म्हणाला, जमिनीवर कधी डाग दिसला नाही. मग ऑइल जातंय कुठे?

गाडी वर घेतली. इंजिनखालच्या पत्र्यावर काळ्या मातीचा चिकट थर बसला होता, बोटाने खरवडला की गोळी वळावी असा. गळलेलं थेंब-थेंब ऑइल शेतरस्त्याच्या धुळीत मिसळून तिथेच थिजत होतं, जमिनीपर्यंत पोचतच नव्हतं. वर दाबाच्या पाइपवर स्विच होता. त्याच्या कप्लरची (वायरीच्या जोडाची) लॉक-पट्टी उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने इतकी कडक झाली होती, की जपून दाबूनही तुटली. कप्लर ओढला आणि त्यातून ऑइल ओघळलं.

हे चित्र मुलांनी लक्षात ठेवावं. कप्लर म्हणजे विजेचा जोड, त्यात ऑइल यायचं काही कारणच नाही. आलं, याचा अर्थ स्विचमधला पडदा फाटलाय आणि दाबाखालचं ऑइल स्विचच्या पोटातून पिनांपर्यंत चढतंय. गळतीही तीच आणि निरोप न पोचण्याचं कारणही बहुधा तेच.

माझा विद्यार्थी लगेच म्हणाला, "सर, मिळाला फॉल्ट. स्विच मागवतो." मी त्याला थांबवलं. हा या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण. स्विच खराब आहे हे दिसत होतं. पण फक्त स्विचच खराब आहे, हे अजून कुठे सिद्ध झालं होतं? महागाचा सुटा भाग मागवून बसवल्यावर वायर तुटलेली निघाली, तर नानांना चौथं गॅरेज शोधावं लागलं असतं. म्हणून दोन गोष्टी तपासायच्या ठरवल्या: दाब स्विचपर्यंत येतोय का, आणि स्विचपासून निघालेला निरोप ईसीयूपर्यंत जातोय का.

दाबाचं उत्तर नानांनीच दिलं होतं. स्टेअरिंग बोटाने फिरतं. उभ्या गाडीत ते हलकं लागतं, म्हणजे दाब तयार होतोय. पंप मेला असता, बेल्ट घसरत असता, तर स्टेअरिंग जड झालं असतं, बेल्ट किंचाळला असता किंवा पंप गुरगुरला असता. तरी आम्ही ऑइल खुणेपर्यंत भरलं आणि बेल्टचा ताण पाहिला, कारण ऑइलच कमी असेल तर चांगला स्विचही जुळणार नाही. मग इंजिन चालू करून, ईसीयूतली माहिती दाखवणारा स्कॅनर लावून स्टेअरिंग काटलं. स्टेअरिंग हलकंच होतं, आरपीएम पडत होता, पण स्कॅनरच्या लाइव्ह डेटात प्रेशर स्विचपुढचं "ऑफ" काही हललं नाही. फॉल्ट कोडही नव्हता. पी-०५५० ते पी-०५५४ हे या सर्किटचे कोड, पण साध्या दोन-अवस्थांच्या स्विचला ते दर वेळी पडतीलच असं नाही. ऑफ राहिलेला स्विच ईसीयूला सरळ चाललेल्या गाडीसारखाच दिसतो. कोड नाही म्हणून सर्किट ठीक, असं धरून चालू नये.

मग दुसरी बाजू. या गाडीत स्विचला एकच वायर आहे, अर्थ बॉडीतून मिळतो. दाब आला की वायर अर्थला जुळते. म्हणून स्विचला वगळून तेच काम हाताने केलं. कप्लर पुसून कोरडा केला, चावी ऑन करून त्या वायरवर व्होल्टेज पाहिलं. जवळपास बॅटरीइतकंच होतं, म्हणजे ईसीयूपासून कप्लरपर्यंत वायर शाबूत. मग इंजिन चालू ठेवून ती पिन एका तारेने इंजिनच्या लोखंडाला टेकवली. स्कॅनरवर "ऑन" आलं आणि इंजिनचा आवाज तेवढ्यापुरता भरला. तार काढली, "ऑफ". पुन्हा टेकवली, "ऑन".

एका तारेच्या तुकड्याने वायर, ईसीयू आणि आयडल व्हॉल्व्ह तिन्ही ठीक असल्याचं सांगितलं. शेवटी मल्टीमीटरची एक टोकणी स्विचच्या पिनवर, दुसरी अर्थवर ठेवून स्टेअरिंग काटलं. कॉन्टॅक्ट जुळलाच नाही. आता स्विच दोषी, हे बिनधोक म्हणता येत होतं.

एक इशारा इथेच देतो. ही चाचणी या गाडीची. काही गाड्यांत दोन वायरी असतात, काहींत स्विच आधीपासून जुळलेला असतो आणि दाब आल्यावर सुटतो, काहींत स्विचऐवजी तीन वायरींचा सेन्सर असतो. सेन्सरची वायर अशी अर्थला टेकवू नये. आधी त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहावा.

कोणते पर्याय होते

स्लो वाढवलेलाच ठेवून गाडी वापरायची, हा नानांना सगळ्यात सोयीचा वाटलेला पर्याय. तो लगेच बाद केला. घाटाचं कारण वर दिलंच आहे, शिवाय ऑइलची गळती त्याने थांबत नव्हती. हे ऑइल सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपवर पडलं तर पेट घेऊ शकतं.

नवा स्विच अमळनेर, जळगाव, धुळे कुठेच शेल्फवर नव्हता. मुंबईहून मागवायचा तर काही दिवस थांबावं लागणार. भंगारातल्या गाडीचा जुना स्विच मिळत होता. पण त्याचंही वय तेवढंच, पडदाही तेवढाच जुना. सीटचं कव्हर भंगारातलं चालतं. १०० बारपर्यंतचा दाब झेलणारा रबराचा पडदा भंगारातला घेऊ नये, या मताचा मी आहे.

तेवढ्यात शेजारच्या दुकानदाराने एक स्विच आणून दिला. चुडी (आटे) तंतोतंत जुळत होती, पिनही एकच. "हाच बसतो, मी कितीतरी गाड्यांना दिलाय," तो म्हणाला. हातात घेऊन पाहिला तर तो इंजिन ऑइलच्या दाबाचा स्विच. डॅशबोर्डवरचा लाल ऑइल-दिवा ज्याच्यामुळे पेटतो-विझतो, तो.

दुसरा निर्णयाचा क्षण हा. नाना घाईत होते, माझ्या विद्यार्थ्यालाही मोह झाला. चुडीवर फिरला म्हणजे बसला, ही आपल्याकडची जुनी खोड. इंजिन ऑइलचा स्विच अर्ध्या बारच्या आसपास काम करतो, आणि त्याच्या लाइनमध्ये दाब असतो सहसा पाच-सहा बारपर्यंतचा. त्याच्या बांधणीला ७० बारचा धक्का माहीतच नाही. पहिल्याच फुल काटण्यात तो फुटला असता आणि गरम ऑइलची पिचकारी इंजिनवर उडाली असती. शिवाय त्याची चाल उलटी असते: दाब नसताना जुळलेला, दाब आल्यावर सुटलेला. समजा फुटला नसता, तरी ईसीयूला उलटाच निरोप गेला असता. दुकानदाराला हे सगळं समजावून सांगितलं. त्याने तो स्विच वेगळ्या खोक्यात ठेवला.

शेवटी नवा, त्याच गाडीचा स्विच मागवायचं ठरलं. तो येईपर्यंत गाडी उभी. नाना म्हणाले, "घाट एसटीने पण चढतो." ते चाळीसगावहून एसटीने लेकीकडे गेले.

प्रत्यक्ष काम

स्विच बदलणं तसं अवघड नाही, पण यात घाण चालत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची धूळ पिठासारखी बारीक असते. ती पाइपच्या उघड्या तोंडातून आत गेली तर रॅकच्या व्हॉल्व्हला ओरखडे पडतात, आणि रॅक म्हणजे स्विचच्या कितीतरी पट खर्च. म्हणून इंजिन थंड झाल्यावर आधी स्विचभोवतीचा सगळा भाग ब्रश आणि डिझेलने धुतला, हवेने उडवला, स्वच्छ कापडाने पुसला. बॅटरीची निगेटिव्ह काढली. पुढची दोन्ही चाकं जॅकने उचलून गाडी स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी शिरायचं नाही, हा नियम गॅरेजात मालकालाही लागू.

स्विच ज्या नटासारख्या भागात बसतो, त्याला एक पाना लावून धरला आणि दुसऱ्या पान्याने स्विच सोडवला. एकाच पान्याने जोर लावला असता तर वीस वर्षांचा पाइपच पिळला गेला असता. स्विच सुटताच ऑइल हळूहळू यायला लागलं. खाली ट्रे होता, नवा स्विच हाताशी होता. जुनं वॉशर आतच चिकटलेलं होतं, ते काढलं. दोन वॉशर एकावर एक राहिले की गळती ठरलेली.

माझा विद्यार्थी सवयीने टेफ्लॉनच्या पट्टीकडे वळला. ती लावू दिली नाही. इथे गळती थांबवायचं काम वॉशरचं आहे, चुडीचं नाही. पट्टीचे तुकडे ऑइलमध्ये सुटले तर व्हॉल्व्हमध्ये अडकतात. आणि या स्विचचा अर्थ चुडीतूनच जातो. पट्टीने तोच तोडला, तर नवा स्विचही मुका राहील.

नवा स्विच आधी बोटाने फिरवत नेला, बसल्यावरच पाना लावला, आणि मॅन्युअलमध्ये दिला आहे तेवढाच कसला.

ऑइल डब्याच्या झाकणावर लिहिलेलंच भरलं. या गाडीला डेक्स्रॉन प्रकारचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लागतं. सगळ्या गाड्यांना तेच चालतं असं समजू नये. काही कंपन्यांचं ऑइल स्वतंत्र असतं, काही युरोपीय गाड्यांना हिरवं लागतं, आणि चुकीच्या ऑइलने सील फुगतात. मग हवा काढली: चाकं अधांतरी, इंजिन बंद, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायचं, डब्यातले बुडबुडे थांबेपर्यंत. पातळी भरून इंजिन चालू करून पुन्हा तेच. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवलं नाही, कारण त्या स्थितीत पंप स्वतःच्याच ऑइलमध्ये तापतो. फेस दिसला तर इंजिन बंद करून थांबायचं, घाई केली तर ती हवा ऑइलमध्ये आणखी मिसळते.

गळती बघताना पाइपवरून हात फिरवू नये. पुठ्ठा धरावा. एवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते.

नवा स्विच बसवला, तरी

स्कॅनर लावला, स्टेअरिंग काटलं. "ऑन" आलं. मग "ऑफ". मग पुन्हा "ऑन". दाब कायम असताना निरोप फडफडत होता.

हा तिसरा निर्णयाचा क्षण. नवा स्विच खराब आला म्हणून परत पाठवायचा का? तारेची चाचणी आधी केलेली असल्याने सर्किटवर आमचा विश्वास होता, आणि त्या विश्वासातच एक फट होती. ती चाचणी पिनला थेट तार टेकवून केली होती, कप्लर स्विचवर बसवून नव्हे. कप्लर पुन्हा काढून उजेडात धरला. आतलं रबरी सील महिनोन्महिने ऑइल पिऊन फुगलं होतं, त्यामुळे कप्लर शेवटपर्यंत बसत नव्हता. लॉक-पट्टी तर तुटलेलीच. इंजिनच्या थरथरीत पिन लागत-सुटत होती.

वायरीचं आवरण थोडं सोललं तर तांब्याच्या तारांमधूनही ऑइल निघालं. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं ते वायरीच्या पोटातून वर चढत होतं. असं ऑइल वाटेतल्या जोडांपर्यंत आणि कधी थेट ईसीयूच्या कप्लरपर्यंत पोचतं. आम्ही ईसीयूचा कप्लर उघडून पाहिला, तो कोरडा होता. वायर मागे मागे कापत गेलो. कोरडं तांबं लागलं तिथे नवा तुकडा आणि नवा कप्लर जोडला, जोड सोल्डर करून हीट-श्रिंकने (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीने) बंद केला.

त्यानंतर स्टेअरिंग काटलं की "ऑन" स्थिर, सोडलं की "ऑफ".

स्टॉप-स्क्रू मूळ जागी आणला आणि ईसीयूला स्लो पुन्हा शिकू दिला. स्लो ८०० च्या खाली स्थिरावला. एसी फुल, हेडलाइट चालू, स्टेअरिंग पूर्ण काटलेलं, तरी आरपीएमचा काटा किंचित हलून जागेवर आला. नानांनी स्वतः गाडीत बसून हे करून पाहिलं, पुन्हा पुन्हा.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या गॅरेजाने थ्रॉटल साफ केली त्यात चूक काही नाही, ती घाण होतीच. पण तक्रार "स्टेअरिंग वळवल्यावर" अशी असताना स्टेअरिंगच्या ऑइलचं झाकण कोणी उघडलं नाही. झाकण उघडायला हत्यारही लागत नाही. ड्रायव्हर मधूनमधून ऑइल टाकत होता, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. बंद सर्किटमधलं ऑइल संपत नाही, ते कुठेतरी जातं. नुसतं भरत राहण्याऐवजी ते कुठे जातंय हे कोणीही एकाने विचारलं असतं, तर पडदा फाटायला लागल्यावर थोड्याच दिवसांत कळलं असतं आणि वायरिंग वाचलं असतं.

कप्लरची मोडलेली पट्टी आणि फुगलेलं सील तपासणीच्या दिवशीच दिसत होतं. स्विच मागवताना कप्लरही मागवला असता तर एका खेपेत काम झालं असतं. मी आता मुलांना सांगतो, कप्लरमधून ऑइल आलं तर यादीत तीन वस्तू लिहा: स्विच, वॉशर, कप्लर.

ऑइल बदलण्याबाबत मात्र नानांचं आणि आमचं एकमत झालं नाही. आम्ही स्विचपुरतं सांडलेलं ऑइल भरलं, बाकीचं करपटच राहिलं. रिटर्न पाइप सोडून सगळं जुनं काढून नवं भरावं, असा माझा आग्रह होता. नानांचा तोवर बराच खर्च झाला होता, त्यांनी "पावसाळ्यानंतर बघू" म्हटलं. त्यांची अडचण मला समजते. पण त्या ऑइलमध्ये जुन्या रबराची पूड आहे, आणि रॅकचे सील त्याच ऑइलमध्ये भिजतायत. खर्चाचा क्रम लावायचा झाला तर मी पहिल्या गॅरेजातले नवे प्लग वगळून हे आधी केलं असतं.

गाडी सोडताना दाबाच्या पाइपच्या क्रिंपपाशी (दाबून बसवलेल्या जोडापाशी) हलकी ओल दिसली. थेंब नव्हता. जागेवर खडूने खूण केली आणि ड्रायव्हरला सांगितलं, की दर आठवड्याला गाडी थंड असताना डब्यातली पातळी पाहून वहीत लिहायची, आणि कमी झाली तर ऑइल न टाकता आधी फोन करायचा. पहिली नोंद त्याने तिथेच, आमच्यासमोर केली.